ओघळ

हवा कोंदट होती. आभाळ इतकं खाली उतरलेलं, की गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींना टेकेल असं वाटत होतं. पाऊस येणार नाही, ऊनही येणार नाही, नुसतं घामेजून राहायचं. रंगाऱ्याला अशा हवेचा भारी राग. अशा दिवशी रंग वाळत नाही, रुसून बसतो.

जिन्याच्या लोखंडी कठड्याला त्यानं बोटाची पाठ टेकवली. पुढची बाजू टेकवली तर ठसा उमटतो, पाठ टेकवली तर उमटत नाही. रंग अजून ओलाच होता. पहिला हात काल मारलेला, दुसरा आज मारायचा होता. आता बसा वाट बघत. त्यानं डब्यावर झाकण दाबलं, ब्रश फडक्यात गुंडाळला आणि पायरीवर बसला.

"काका, कठडा काय चकाकतोय!" इमारतीचा रखवालदार चहा घेऊन आला. "लगे हाथ वरचं छतही करून टाका की. शिडी आहे आमच्याकडे."

"शिडीचं काम घेत नाही मी."

"असं कसं? दवाखान्याची मागची भिंत तर एकट्यानं केलीत म्हणे, वरपासून खालपर्यंत. आरशासारखी झालीय. येता-जाता हात फिरवतो मी."

रंगाऱ्यानं चहा एका घोटात संपवला आणि कप त्याच्या हातात दिला. जीभ भाजली, पण बोलावं लागलं नाही.

तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, बुधवार आहे आज."

"माहितीये."

"मग जाणार ना मंडळात?"

"कठडा ओला आहे गं."

"कठडा ओला म्हणजे तुम्ही मोकळे! मग काय कठड्याला वारा घालत बसणार आहात?"

लेकीचं बोलणं आईच्या वळणावर गेलेलं. तो "बघतो" म्हणाला. तिनं तिकडून उसासा टाकला, तो फोनमधून त्याच्या कानाला लागला.

तिची आई, म्हणजे रंगाऱ्याची बायको, आयुष्यभर त्याची शिडी धरत आली. दिसायला एवढंच काम. एक पाय खालच्या पायरीवर, एक हात बाजूच्या बांबूवर, आणि तोंड चालू. खालून सगळ्या जगाच्या बातम्या वर जायच्या. शेजारणीनं नवी गादी घेतली. लेकीला गणितात कमी मार्क पडले. "आणि अहो, तुमच्या पॅन्टची शिवण उसवलीय, अख्ख्या गल्लीला दर्शन देताय!" तो वरून "हं" म्हणायचा. त्याचा निम्मा संसार वरून हुंकार देण्यात गेला. पण त्या हुंकारांवर तो तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचा आणि त्याचा पाय कधी लटपटला नाही.

ती गेली, त्यानंतर तो एकदाच शिडीवर चढला. तिसऱ्या पायरीवर खाली बघितलं. तिथं कोणी नव्हतं. मांड्या अशा थरथरल्या, की उतरताना दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारावी लागली. तेव्हापासून हात पोचेल तेवढंच काम घ्यायचं, दारं, खिडक्या, कठडे. मग बोलणं कमी झालं. मग जेवण. मग झोप. छातीवर सतत कोणीतरी लांबीचा भरलेला डबा ठेवलाय असं वाटायला लागलं. लांबी म्हणजे भिंतीतल्या भेगा बुजवायचा लगदा, दगडासारखा जड.

लेकीनं ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, तारा लावून हृदय बघितलं. सगळं ठणठणीत.

"मग मी असा का?" त्यानं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. मग कागदावर काहीतरी लिहिलं. तो कागद घेऊन तो थेट औषधाच्या दुकानात गेला. दुकानदारानं वाचला, उलटा करून बघितला आणि परत दिला. "काका, हे आमच्याकडे मिळत नाही."

कागदावर लिहिलं होतं, चित्रमंडळ, दर बुधवारी.

त्या दवाखान्यात एक ताई होती. ज्यांचं दुखणं गोळीनं हलत नाही त्यांना कुठं ना कुठं जोडून द्यायचं, हे तिचं काम. कुणाला बागेत माती खणायला, कुणाला गाण्याला, कुणाला नुसतं चौघांबरोबर चालायला. लोक तिला 'माणसं लिहून देणारी ताई' म्हणत. रंगारी तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "ताई, जन्मभर रंगच लावला. आता औषध म्हणूनही रंगच चाटू?"

"एकदा येऊन तर बघा, काका. नाही आवडलं तर बागेत पाठवते."

दवाखान्याच्या मागच्या भिंतीवर मंडळ चित्र काढत होतं. कधीकाळी पांढरी असलेली ती लांबलचक भिंत. कुणी झाड काढलेलं, कुणी डोंगर, बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी मासा काढलेला, तो आंब्यासारखा दिसत होता. रंगाऱ्यानं भिंत बघितली आणि त्याचं तोंड कडू झालं. अस्तर नाही, घासकाम नाही, कशावरही काहीही फासलेलं. तो निघणारच होता.

"पुढे सरका, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे!"

एक ठेंगणी बाई हातातल्या ब्रशनं त्याला बोलावत होती. सगळे तिला कंडक्टर मावशी म्हणून हाक मारत होते. बसमध्ये तिकिटं फाडण्यात आयुष्य गेलेलं, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. तिनं शेजारच्या स्टुलावरची पिशवी उचलली. "बसा. राखीव होतं, तुमच्यासाठी सोडलं."

"बरं, मावशी."

"मावशी काय? तुमच्याहून लहान असेन मी!"

"सगळेच म्हणतात ना."

"सगळ्यांनी म्हटलं म्हणून तुम्ही? तुमचे केस माझ्याहून पिकलेत की." आणि ती हसली. त्यालाही हसू आलं. ते त्याच्याच कानाला परकं वाटलं.

नंतरच्या बुधवारांना ते स्टूल त्याचंच झालं. दुसऱ्या कुणी बसायला गेलं, की मावशी ओरडायची, "ओ, तिकीट?" तो फार काढायचा नाही. लोकांना ब्रश कसा धरायचा ते दाखवायचा, रंग कालवून द्यायचा. एकदा बँकवाल्यांना आभाळ वरपर्यंत हवं होतं. शिडी होती, चढणारा नव्हता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो घामेजला. काय झालंय ते मावशीला कुणी सांगितलं नव्हतं. पण तिनं खालच्या पायरीवर पाय रोवला, बाजूला हात ठेवला आणि म्हणाली, "चला, गाडी थांबलीय. चढा."

तो चढला. खालून तिची बडबड सुरू झाली. कुठल्या मार्गावर कोण फुकटे, कोण गाभण शेळी घेऊन बसमध्ये चढला. तो वरून "हं" म्हणाला.

त्या रात्री त्याला झोप लागली. लेकीनं डब्यात दिलेलं सगळं संपलं. छातीवरचा डबा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. लेक ताईला म्हणाली, "औषध लागू पडलं."

मावशी बस काढत होती. लाल, वाकडी, एक चाक मोठं, एक छोटं. तिची नजर अधू झालेली, हात कापायचा. शेवटच्या खिडकीत तिनं पिवळ्या रंगाचा एक ठिपका दिला, त्यावर काळा. काळा ठिपका ओला होता, त्याचा ओघळ निघाला. रंगाऱ्याचा हात आपोआप फडक्याकडे गेला. ओघळ म्हणजे रंगाऱ्याची बेअब्रू.

मावशीनं त्याचं मनगट धरलं. "राहू दे." मग हळू आवाजात, जो शेवटच्या बाकापर्यंत पोचला नसता, "माझा मुलगा आहे तो. माझ्याच गाडीत मागं बसायचा, शाळा सुटली की. पिवळा शर्ट. आता नाही तो." ठिपक्याकडे बोट करून म्हणाली, "मी सरळ काढला होता. रंग ओघळला आणि बघ, त्यानं मान वळवली. माझ्याकडे बघतोय."

रंगाऱ्यानं बघितलं. खरंच, बघत होता.

आणि त्या खिडकीच्या वरच भिंतीला पोपडा धरला होता.

पोपडा म्हणजे रंग भिंतीपासून सुटून फुगतो, मग गळून पडतो. आतल्या नळातून पाणी झिरपत होतं. पुढच्या बुधवारी माशाची शेपटी खाली पडली. "ही भिंत टिकायची नाही," रंगारी म्हणाला.

"अहो, चित्र टिकावं म्हणून कोण काढतंय?" बँकवाले म्हणाले. "आपण टिकावं म्हणून काढतोय!" सगळे हसले. मावशी हसली नाही. ती पोपड्याकडे बघत होती. निघताना रंगाऱ्याला म्हणाली, "तुला कळतं त्यातलं. नीट कर बाबा काय ते."

एव्हाना ती त्याला 'तू' म्हणायला लागली होती. त्या एका 'तू'वर त्याचा आठवडा निभला असता.

नीट कर. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं, तर त्यानं खिडकीभोवती चार बोटं लांबी भरली असती. रंगाऱ्याच्या धंद्यात नीट म्हणजे मुळापासून. वरवर लिंपणारा तो चोर, हे त्याला बापानं कान पिळून शिकवलेलं. आणि रंग ही त्याच्या लेखी पुन्हा लावायची वस्तू. दुसऱ्यांच्या घरातले, त्यांच्या आवडीचे, त्यांच्या लग्नातले रंग खरवडण्यातच तर त्याचं आयुष्य गेलं होतं. खरवडायचं, मग लावायचं. त्यात कुणी रडलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

गुरुवारी प्लंबर आला, नळ बदलून गेला. ऊन कडक होतं. ताई रजेवर होती. त्यानं शिडी लावली आणि चढला. खाली कोणी नव्हतं, तरी पाय थरथरला नाही. हे त्याचं त्यालाच इतकं नवल वाटलं, की तो वरून एकटाच "हं" म्हणाला. सगळी भिंत खरवडून काढली. डोंगर, झाड, मासा, बस. नीट वाळू दिली, भेगांत लांबी भरली, घासली, अस्तराचे दोन हात दिले. बायको गेल्यापासून एवढं काम त्यानं केलं नव्हतं. आणि घरी बसून, एका छोट्या डब्यात, थेंब थेंब टाकत, त्या शर्टाचा पिवळा जुळवला. हुबेहूब.

बुधवारी मंडळ आलं आणि भिंतीसमोर उभं राहिलं.

"कुणी केलं हे?" बँकवाल्यांनी विचारलं.

"मी," रंगारी म्हणाला. छाती थोडी पुढे आलेली. "आता वर्षानुवर्षं हलायची नाही. काढा बिनधास्त."

मावशी पुढे गेली. पांढऱ्या भिंतीवर तळवा ठेवून हळूहळू सरकवत नेला, अंधारात बटण शोधतात तसा. एका जागी थांबली. "इथं होता," म्हणाली.

तेव्हा रंगाऱ्याला कळलं. तरी त्यानं खिशातला डबा काढला. "मावशी, पिवळा आणलाय. तोच आहे, बघा. पुन्हा काढा."

"नीट कर म्हणाले होते मी."

"नीटच केलं, मावशी."

"हो रे. केलंस खरं नीट."

तिनं पिशवी उचलली आणि निघाली. स्टुलाला तिचा पाय लागला, ते आडवं झालं. कोणी उचललं नाही.

दोन दिवसांनी तो तिच्या घरी गेला. तिनं दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभी राहिली. आत पांढऱ्या उजेडात एक खुर्ची, एक टीव्ही, बंद.

"मावशी, मी धरतो तुमचा हात. तुम्ही नुसतं सांगा, कुठं."

"रंगाचं काही नाही रे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "ती मान मी वळवली नव्हती. ती ओघळली होती. ते कसं सांगू तुला, इथं ओघळव म्हणून?" मग त्यानं पुढे केलेला पिवळ्याचा डबा त्याच्याच हातात परत दिला. "जा आता. माझा राग नाही तुझ्यावर. पण तू शेजारी बसलास, की मला भिंतच दिसेल."

दार तिनं हळू लावलं, आवाज होऊ नये म्हणून.

मंडळ आता आतल्या खोलीत कागदावर चित्रं काढतं. भिंत पांढरीच आहे. बँकवाले म्हणतात, एवढ्या सुंदर भिंतीवर ब्रश टेकवायची हिंमत होत नाही. मावशी येत नाही. ताईनं परवा रंगाऱ्याला गाठलं. "काका, चूक झाली, पण मनानं चांगलंच करायला गेलात. बागेचं मंडळ आहे शनिवारी. येता?"

"तिथं मी काय नीट करू, ताई?" तो म्हणाला.

लांबीचा डबा छातीवर परत आलाय. झोप गेलीय. तिसऱ्या पायरीच्या वर पाय जात नाही. लेकीला त्यानं काही सांगितलं नाही. तिला अजून वाटतं, बाबा मंडळात जातात.

फोन पुन्हा वाजला. "बाबा, निघालात का?"

त्यानं कठड्याला बोटाची पाठ टेकवली. जेमतेम सुकला होता.

"आज दुसरा हात मारायचाय. जमायचं नाही."

"आणि पुढच्या बुधवारी?"

"काम असेल."

त्यानं फोन खिशात ठेवला, झाकण उघडलं, रंग काडीनं ढवळला. ब्रश बुडवला, डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी निपटला आणि वरून खाली ओढायला लागला. तिसऱ्या गजावर रंग जास्त झाला. एक काळा ओघळ सुटला, गजाच्या कडेनं हळूहळू खाली आला आणि जरा वाकला.

रंगाऱ्याचा हात थांबला. तो बघत राहिला. नुसता ओघळ होता.

मग त्यानं तो ब्रशच्या टोकानं उचलला, गजावर सारखा पसरवला आणि पुढचा गज घेतला.