उसवलेला ब्लाउज

शकूताईंच्या शिलाईच्या दुकानात मी बसले होते. एका बाईंना जुन्या ब्लाउजसारखाच नवा हवा होता, आणि शकूताई तो जुना ब्लाउज टाका टाका उसवत होत्या. बाई घाबरल्या. शकूताई म्हणाल्या, "उसवल्याबिगर कळतंय व्हय, कसा बेतलाय त्यो?"

बाई माझ्याकडे बघून हसल्या. "हात चांगलाय हो हिचा, पण बोलण्याला व्याकरण म्हणून नाही."

माझं डोकं सणकलं, बाईंवर आणि स्वतःवरही. जन्मभर मराठी शिकवलं आणि अशाच बोलण्याखाली मी लाल रेघा ओढल्या. व्याकरण हा मुळात संस्कृत शब्द. त्याचा अर्थ सुटं करणं, उलगडून दाखवणं. लोक आधी बोलले, मग कुणीतरी ते बोलणं उलगडून बघितलं. त्या शब्दात छडी नव्हतीच. ती आम्ही मास्तरांनी घातली.

"अहो, त्या आत्ता करतायत ना, तेच व्याकरण," मी म्हणाले. "त्यांच्या बोलण्यालाही ते आहे. आपण कधी उसवून बघितलं नाही, एवढंच."

शकूताईंनी मान वर केली नाही. "अंगाचं माप घ्यायचं असतंय बाई," त्या म्हणाल्या, "मापासाठी अंग न्हाई कापायचं."