परबकाकूंचा डबा

परबकाकू गेल्याचं मला साकीनाक्याच्या ऑफिसात, दुपारी जेवताना कळलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या ताईंचा फोन होता. सकाळी चहा ठेवला आणि ओट्यापाशीच कोसळल्या म्हणे... हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं हे सांगायची लाज वाटते. काकूंचा डबा अजून माझ्याकडेच होता.

सोलापूरहून कांजूरमार्गच्या या भाड्याच्या घरात आले, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी राहत होते. पहिल्या संध्याकाळी घरच्या सवयीनं पाच माणसांचा भात लावला आणि त्या कुकरपुढे बसून रडले. दार उघडंच होतं. समोरच्या घरातल्या काकू आत आल्या, कुकरात डोकावल्या. "ह्यो भात कोणाक गो चेडवा? वऱ्हाड येतला?" मग स्टीलच्या डब्यातून काळ्या वाटाण्याची उसळ घेऊन आल्या आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून जेवलो. यजमान गिरणी कामगार, ते जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बंगळुरूला. त्याही एकट्याच होत्या, पण त्यांना सवय झाली असेल असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी डबा लख्ख घासून परत द्यायला गेले, तर घेईनात. "रिकामो डबो देतत काय कोण? चिमूटभर साखर घाल, पण रिकामो देऊ नको." मी साखर घालून दिला. पुढे दाणे, मग करपलेला शिरा, मग बऱ्यापैकी जमलेली आमटी. त्या डब्यापायीच मी स्वयंपाक शिकले. मीठ विसरले तर काकू तोंडावर सांगायच्या आणि डबा चाटूनपुसून संपवायच्या.

शेवटचा डबा घावण्यांचा होता. तो देताना म्हणाल्या, "माका एकदा तुमची शेंगापोळी खावक घाल." मी म्हटलं, आता हा डबा शेंगापोळ्यांनीच भरून देणार. पण पोळ्या फुटायच्या, सारण बाहेर यायचं, ऑफिसातून यायला उशीर व्हायचा. काकू जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "डबो ऱ्हवांदे, तू ये." मी म्हणायची, "रविवारी येते काकू, भरूनच आणते." असे दोन रविवार गेले. रिकाम्या हातानं जायला नको म्हणून मी जाणंच बंद केलं. शेवटी शेवटी तर कुलूपसुद्धा आवाज न करता उघडायची. त्या पंधरा दिवसांत काकूंना माझी साखर नको होती, पोळीही नको होती... हे मला तेव्हा कळायला हवं होतं. त्याबद्दल मी स्वतःला माफ करू शकलेले नाही.

काकू गेल्या त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटणार नव्हती. त्याच डब्यात पिठलंभात भरून मी नेऊन दिला. दिवसकार्य आटोपून मुलगा निघाला, तेव्हा घासलेला डबा माझ्या हातात ठेवत म्हणाला, "तुमचा डबा राहिला होता, ताई. थँक्स." झाकणावर 'सौ. सुमन परब' असं कोरलेलं आहे. त्यानं पाहिलं नसावं. मी डबा घेऊन घरात आले.

काल शेंगापोळी जमली. एकही फुटली नाही. चार पोळ्या डब्यात घातल्या, झाकण लावलं, चपला सरकवल्या आणि दार उघडलं... समोर कुलूप होतं.