एकशे बत्तीस वेढे

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कंपन्यांच्या पाठीमागे एक पत्र्याचं शेड आहे. बाहेरून बघणाऱ्याला आत पिठाची गिरणी असेल असं वाटतं. आत वाल्व्हचे ॲम्प्लिफायर बनतात. वाल्व्ह म्हणजे ते काचेचे दिवे, जे जुन्या रेडिओत असायचे आणि तापले की रेडिओ बोलू लागायचा. ते कधीच भंगारात गेले अशी आपली समजूत असते, पण पुण्या-बंगळुरात चांगल्या पगाराची अशी माणसं आहेत, की ज्यांना मोबाईलवर फुकट मिळणारं गाणं पुन्हा या दिव्यांतून काढून ऐकायचं असतं. त्यांचं त्यांना लखलाभ. त्यांच्या हौसेवर या शेडमधल्या सहा जणांच्या चुली पेटतात, तेव्हा आपण नावं ठेवू नयेत हे बरं.

स्टिरिओ ॲम्प्लिफायरमध्ये डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी एकेक ट्रान्सफॉर्मर असतो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे शेवटी काय, तर रिळावर मोजून गुंडाळलेली तांब्याची तार. आत केसासारख्या तारेचे हजारो वेढे आणि त्यावर जाड तारेचे एकशे बत्तीस. डाव्याचा आणि उजव्याचा आकडा एकच हवा. वरचे वेढे एकीकडे कमी पडले की त्या बाजूचा आवाज पडतो. ही तार गुंडाळायचं काम सत्तावीस वर्षं नवसाबाई भोर यांच्याकडे होतं.

बाई मूळच्या घोटीकडच्या. आईबापांनी नवस करून मिळवलेली म्हणून नवसाबाई, आणि पुढे त्यांनाही मुलगी झाली ती लग्नानंतर बारा वर्षांनी, त्यामुळे त्या नावाने दोन पिढ्यांचं काम केलं म्हणायचं. अंगाने काटकुळ्या, बोलायला तुटक. मशीनला वेढे मोजणारा काउंटर होता, तरी त्या मनात मोजत. ओठ हलत, आवाज येत नसे. त्या मोजत असताना शेडमध्ये कोणी बोलायचं नाही, फोन वाजू द्यायचा नाही. हा कायदा कोणी लिहिलेला नव्हता, पण मालकसुद्धा तो पाळत. मालकांना सगळे मोठे शेठ म्हणत. नवीन मुलगी कामाला लागली की मोठे शेठ तिला सांगत, "भिंतीवरचं घड्याळ मागे पडेल, पण नवसाबाईंचा आकडा नाही पडणार."

तार गुंडाळून झाली की तिचं टोक दोऱ्याने बांधायचं, आणि हा दोरा ज्याचा त्याच्या रंगाचा. नवसाबाईंचा हिरवा, सोबतीण शकुबाईचा पिवळा. पुढे चूक निघाली तर ती कोणाची हे कळावं म्हणून. एकदा शकुबाईचे चार वेढे कमी भरले. नवसाबाईंनी तिला अख्खं रीळ उलगडायला लावलं. शकुबाई रडायला लागली, तरी बाईंनी सोडलं नाही. "तार काय पळून चाललीय का? पुन्हा गुंडाळ," एवढंच म्हणाल्या. शकुबाई पुढे काम सोडून गावी गेली, ती काही या कारणाने नाही, पण जाताना बाईंशी बोलली नाही.

यंदा नवसाबाईंना अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि त्या निवृत्त झाल्या. मोठे शेठ गेल्यापासून कारभार त्यांच्या मुलाकडे, अश्विनकडे होता. तो म्हणाला, "मावशी, शाल-नारळ देऊन मी तुमची बोळवण करणार नाही. फळीवरचा तुम्हाला आवडेल तो ॲम्प्लिफायर घरी न्या."

आणि घरी खरंच ॲम्प्लिफायरची गरज होती. नवसाबाईंची मुलगी मनाली नांदगावला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिने दिवाळीत वडिलांसाठी चांगले लाकडी स्पीकर पाठवले होते, पण त्यांना जोडायला यंत्र नाही म्हणून ते सिडकोतल्या घरात चार महिने स्टुलाचं काम करत होते. एकावर मनीप्लँट, दुसऱ्यावर कोंडाजीरावांचा चष्मा. कोंडाजीराव म्हणजे नवसाबाईंचे यजमान. आयुष्यभर कंपनीची बस चालवली, आणि कॉलनीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मंडळाच्या जुन्या कॅसेटी त्यांनी पोटच्या पोरासारख्या जपल्या आहेत.

गंमत अशी की एवढी वर्षं ॲम्प्लिफायर बनवून नवसाबाईंनी त्यावर एक गाणं पुरतं ऐकलं नव्हतं. तपासणीच्या टेबलावर नुसती शिट्टी वाजते, आणि नंतर माल खोक्यात जातो.

शनिवारी नवराबायको दोघं निवडायला गेली. फळीवर तीन नवे मांडलेले होते. पहिला शेगडीएवढा. कोंडाजीरावांनी तो उचलून बघितला आणि लगेच खाली ठेवला.

"दहा बाय बाराची खोली आपली. ह्यो लावला तर आपल्याला बाहेर ओट्यावर बसून ऐकावं लागंल," ते म्हणाले.

"बरोबर आहे काका," अश्विन म्हणाला. "मनालीताईचे स्पीकर थोडक्या ताकदीत मोकळे वाजतात. तुम्हाला हा छोटा भरपूर झाला." त्याने पोळ्यांच्या डब्याएवढा एक ॲम्प्लिफायर पुढे ओढला. पितळी बटणं, चार इवलेसे वाल्व्ह, मोबाईल जोडायची सोय. "फक्त कपाटात कोंडून ठेवू नका, याला हवा लागते. आणि चालू असताना वर हात लावायचा नाही."

कोंडाजीरावांचा चेहरा खुलला. मनालीने फोनवर बजावलंच होतं, की मोबाईल लागेल असाच घ्या. आता हे काम पाच मिनिटांत आटोपलं असतं. पण नवसाबाईंची नजर फळीच्या टोकाला गेली. तिथे याच मापाचा एक जुना ॲम्प्लिफायर पुसायला काढून उलटा ठेवलेला होता, तळाचं झाकण उघडं.

"त्यो कुणाचा?"

"एक्स्चेंजमध्ये आलाय. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने मोठा घेतला आणि हा परत दिला. अकरा वर्षं वापरलाय, पण तक्रार काही नव्हती."

बाई जवळ गेल्या. उजव्या ट्रान्सफॉर्मरच्या तारेला हिरवा दोरा होता. डाव्याला मिठाईच्या पुड्याला बांधतात तसला लाल-पांढरा, उष्णतेने काळपटलेला.

"मला ह्यो पायजे," नवसाबाई म्हणाल्या.

अश्विन हसला. त्याला वाटलं, बाईंना भीड पडली. त्याने दोनदा समजावलं, की नव्याचे पैसे काही कापणार नाही. कोंडाजीराव तर घरी जाताना रस्त्यात रिक्षातून उतरायला निघाले. "फुकाट मिळतंय तर जुनं कोण घेतं? याला मोबाईल तरी लागतो का?" त्यांनी तीन वेळा विचारलं. नवसाबाईंनी तो डबा मांडीवर धरला आणि सिडको येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

त्यांना बोलता येण्यासारखं नव्हतंच. अकरा वर्षांपूर्वी त्या आठवड्यात काउंटर बिघडला होता आणि सगळी मदार बाईंच्या मोजण्यावर होती. डाव्या ट्रान्सफॉर्मरचे वरचे वेढे चालले होते. नव्वदच्या पुढे कुठेतरी असताना दारात मनाली उभी राहिली. हातात पेढ्यांचा पुडा, डोळ्यांत पाणी. बारावीला एक्क्याऐंशी टक्के. शेडचा कायदा त्या पोरीला कुठला माहीत, ती सरळ ओरडली, "आई!" आणि सगळं शेड ओरडलं. मोठे शेठ स्वतः उठून आले. पेढे वाटून झाले, पोरगी घरी गेली, आणि नवसाबाई मशीनवर बसल्या तेव्हा आकडा डोक्यातून पार गेलेला होता.

उलगडून पुन्हा मोजायला हवं होतं. पण पुण्याचं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांना काहीच उलगडायचं नव्हतं. हाताच्या अंदाजाने त्यांनी उरलेले वेढे मारले. हिरव्या दोऱ्याचं रीळ समोर दिसेना म्हणून पेढ्याच्या पुड्याचा दोरा तोडून टोक बांधलं. मोठ्या शेठनी शिट्टी ऐकली, मान हलवली, डबा गेला.  दहा-बारा वेढे तरी कमी असणार असं मागाहून बाईंच्या मनाने घेतलं, आणि ते पुन्हा निघालं नाही. सांगावं तर कोणाला? चार वेढ्यांसाठी जिला रडवलं होतं ती शकुबाई तेव्हा शेजारच्याच मशीनवर बसत होती.

घरी कोंडाजीरावांनी कुरकुरत स्पीकर जोडले आणि आपला टेप लावला. दिवे हळूहळू लालसर झाले. मग खोलीत मंडळाचं पंधरा वर्षांपूर्वीचं भजन उभं राहिलं. टाळ वेगळे, पेटी वेगळी, आणि कोंडाजीरावांचा स्वतःचा पखवाज असा की ते दचकून स्वतःच्या हातांकडे बघायला लागले. मोबाईलचं नाव पुन्हा काढलं नाही.

"डावीकडं कमी येतंय," नवसाबाई म्हणाल्या.

"कुठं? सारखं हाय की."

"कमी येतंय. नीट ऐका."

कोंडाजीरावांचा कान तयार होता. ते मध्ये बसले, डोळे मिटले, जागा बदलून बसले. "दोन्हीकडं सारखं हाय. तुला काय झालंय आज?"

बाई उठून डाव्या स्पीकरजवळ जमिनीवर बसल्या. भजन चालूच होतं. आणि मग, पदराशी चाळा करत, त्यांनी सगळं सांगून टाकलं. पेढे, दोरा, शकुबाई. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सांगताना त्यांना एवढी लाज वाटली की त्या नवऱ्याकडे न बघता स्पीकरकडे बघून बोलत होत्या. ज्या चुकीसाठी दुसरीला रडवलं, तीच आपण स्वतः करून वर सत्तावीस वर्षांचा मान घेऊन घरी आलो, हे त्यांना सोसत नव्हतं.

कोंडाजीरावांनी टेप बंद केला. "मला तवाच का नाय सांगितलं?"

"तुम्ही गावभर केलं असतं."

ते खरंच होतं. कोंडाजीराव म्हणाले, "मग सोमवारी जाऊ आन् उलगडू. मी येतो संगं."

सोमवारी बाई पुन्हा शेडमध्ये दिसल्या तेव्हा सगळे हसले, की मावशींना घरी करमेना. "जरा माझ्या मशीनवर बसू दे," एवढंच त्या अश्विनला म्हणाल्या. डावा ट्रान्सफॉर्मर काढला. त्याभोवतीच्या लोखंडी पट्ट्या एकेक करून सोडवायला तासभर गेला. दोरा तुटू न देता सोडला आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. मग तार उलटी काढायला सुरुवात केली. सुटलेली तार कोंडाजीराव हातावर गोळा करत होते.

या वेळी नवसाबाई मोठ्याने मोजत होत्या. त्यांचा मोजण्याचा आवाज शेडने कधी ऐकला नव्हता. मशीनं एकेक करून थांबली. नव्वद झाले, शंभर झाले, एकशे दहा झाले. एकशे वीसला कोंडाजीरावांनी बायकोकडे बघितलं. तिचा आवाज बारीक झाला होता, पण थांबला नव्हता.

"एकशे तीस. एकशे एकतीस."

पुढे हाताला तार लागली नाही. खाली केसासारख्या तारेवरचा पिवळा कागद दिसत होता.

"एक?" कोंडाजीराव म्हणाले. "अगं, एक वेढा? दहा-बारा म्हणत व्हतीस! एका वेढ्यासाठी अकरा वर्सं?" आणि ते इतके हसले की हातातली तार गुंतली. अंदाजाने मारलेल्या वेढ्यांत हात फक्त एका वेढ्याने चुकला होता. दुसरी कोणी असती तर तिने ते मिरवलं असतं.

नवसाबाई हसल्या नाहीत. अश्विन जवळ येऊन उभा होता. त्यांनी त्याला सगळ्यांच्या देखत सांगितलं, की हे रीळ माझं, मोजणी चुकली व्हती, मला ठाव व्हतं आन् मी तसंच जाऊ दिलं. तुझ्या वडलांना फसवलं. शकुबाईला बोलले, मला कुणी नाय बोललं.  एवढं मोठं वाक्य त्या शेडमध्ये आधी कधी बोलल्या नव्हत्या.

 "मावशी, अहो, एका वेढ्याने काही फरक पडत नाही," अश्विन म्हणाला. "मीटरलासुद्धा जेमतेम कळेल. ते गिऱ्हाईक अकरा वर्षं खूश होतं. एक वेढा कोणाला ऐकू येतो?"

"मला येत व्हता," नवसाबाई म्हणाल्या.

 बाईंनी वरून मोकळ्या झालेल्या रिळाला नवी तार लावली, हिरवा दोरा हाताशी घेतला आणि काउंटर शून्यावर आणला. अश्विनने खिशातून मोबाईल काढून बंद केला आणि बाकीच्यांना हाताने गप्प राहायची खूण केली. नवसाबाईंचे ओठ हलायला लागले.