अण्णांची कॉफी आणि मिरचीचं पोतं

अकरा महिने हे लिहायचं टाळलं. कधी मोबाईल बिघडला सांगितलं, कधी मूड. खरं कारण एक पोतं.

जानेवारीत इचलकरंजीतली यंत्रमागावरची पाळी सोडून निघालो ते आंबोली बघायला. कोल्हापुरातनं एसटी धरली. गडहिंग्लजला वडा खायला उतरलो आणि गाडी गेली. पुढची आजऱ्यापर्यंतच होती. तिथनं वडाप, म्हणजे शेअर जीप, तीस रुपये. आत माणसं किती कोंबतात ते विचारू नका. फाट्यावर एका म्हाताऱ्याच्या बुट्टीत लालभडक फळं दिसली. बोरं समजून उतरलो.

"कापी हाय. खाऊन बघा पावणं," म्हातारा म्हणाला. हेच अण्णा. आंबोली राहिलीच.

अण्णा मूळचे शिरोळचे. दोनदा पुरात ऊस गेला तसे बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या माहेरी, या डोंगरात आले. फणसांच्या सावलीत दीड एकर कॉफी. घरात मात्र सगळे चहा पितात. मला ओसरीवर जागा मिळाली, घनसाळ तांदळाचा भात मिळाला. पैशाचं नाव काढलं की अक्का रागवायच्या. बदल्यात काम. पूर्ण लाल झालेलंच फळ तोडायचं. माझ्या बुट्टीत हिरवं दिसलं की अक्का ते माझ्या तळहातावर ठेवायच्या. मग साल काढून बी भिजवायची, धुवायची, जाळीवर वाळवायची, दिवसभर हातानं परतायची. दव पडायच्या आत झाकायची.

मी आल्याच्या पाचव्या दिवशी पुण्याचं गिऱ्हाईक चव बघायला येणार होतं. आवडली तर सगळी कॉफी चांगल्या भावानं त्याची, नाहीतर व्यापाऱ्याच्या ढिगात.

तिसऱ्या दिवशी दोघं पाहुण्यांकडे गेले आणि आभाळ भरून आलं. मी शहाणा, घाईनं दिसेल त्या रिकाम्या पोत्यात अर्धी बी भरली. सकाळी अण्णांनी सवयीनं मूठभर घेऊन वास घेतला आणि तीनदा शिंकले. पोतं मिरचीचं होतं.

"ह्यात फरसाण टाका, मिसळ हुईल," म्हणाले. अक्का हसल्या. पण अण्णांचा चहा त्या दिवशी कपातच गार झाला.

मी म्हटलं, आमच्या गावात कापडाला तोटा नाही, कोऱ्या पिशव्या शिवून धाडतो. "व्हय, धाडा." गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशीच मी सटकलो. पिशव्या राहिल्या. फोन करायचं धाडस झालं नाही.

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, स्वेटर न्या. मी परत मागावर आहे. अक्कांनी दिलेली ती तिखट कॉफी पुरवून पुरवून प्यायली. घसा जळायचा, तरी डबा संपला तेव्हा वाईट वाटलं. अजून कुठलंही पोतं दिसलं की आधी वास घेतो.

एवढं लिहितोय तोवर खालनं आई हाक मारतेय, "आरं, आजऱ्यासनं कोन अण्णा आल्यात. पुण्याच्या गिऱ्हाइकानं औंदा परत कापी मागितलीया म्हनं. पिशव्या कुठं हायत, इचारत्यात."