ठकूच्या आव्यातला विस्तव

एकादशीच्या दुपारी जपाची माळ घेऊन मी जरा आडवी होते, आणि अर्ध्या माळेवरच बोटं जड होतात. झोप म्हणावी तर कान जागे आहेत. स्वयंपाकघरात सूनबाई गॅस पेटवते आहे, त्याची टकटक ऐकू येते, मग भप्प. जाग म्हणावी तर पलंगाच्या पायथ्याशी ठकू बसलेली आहे.

ठकू कुंभारीण. कृष्णाकाठच्या गावी आमच्या परसामागेच तिचा आवा असायचा, मडकी भाजायचा. मध्ये एक काटेरी कुंपण. आठ दिवसांपूर्वी ती गेल्याचा निरोप आला. मी नुसतं "बरं" म्हटलं आणि तुळशीला पाणी घालायला उठले.

"दमलायसा व्हय, वैनी?" ती विचारते.

"दमले गं."

"मग निजा की. कोण उठवतंय?"

"उद्या बोलायचंय मला. सभेत."

"तुमी? सभेत?" तिला हसू आवरत नाही. "अवो, तुमचा आवाज कुंपणापल्याड कधी आला न्हाई."

उद्या ह्यांचं वर्षश्राद्ध. संध्याकाळी मुकुंदने, माझ्या मुलाने, सभा ठेवली आहे. हे अग्निहोत्री होते. लग्नाच्या होमातला अग्नी घरी आणून कुंडात ठेवलेला. सकाळ-संध्याकाळ हे त्यात आहुती देणार, आणि मधल्या वेळात तो राखणं माझ्याकडे. शेणी घालायच्या, भाताचं तूस घालायचं, वरून राखेचं पांघरूण. दोघांनी मिळून गावाची वेस कधी ओलांडली नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाला हे एकटे जाऊन आले, मी कुंडापाशी. शेवटी त्याच अग्नीने ह्यांना दहन दिलं. मुकुंदने पत्रिकेवर छापलंय, 'बेचाळीस वर्षे न विझलेला अग्नी'. खाली 'दोन शब्द' म्हणून माझं नाव.

"न इझलेला," ठकू म्हणते. तिला वाचता येत नसे. आता येत असावं.

ती उठते म्हणून मीही उठते. पायाखाली फरशी लागत नाही, ओली माती लागते. परस. बारा वर्षांपूर्वीची तीच दुपार. हे शेजारगावी कुणाकडे होमाला गेलेत, दिवेलागणीच्या आत परतायचे आहेत. मला ताप आहे. शेणी पावसाने सादळलेल्या. सकाळची आहुती झाल्यावर मी कुंडाजवळच अंग टाकलं, ते डोळे उघडले उन्हं कलल्यावर. राखेत बोटं घातली. गार. अगदी तळापर्यंत गार.

खरं तर ह्यांना सांगायचं. प्रायश्चित्त घ्यायचं, अरणी घुसळून पुन्हा अग्नी काढायचा. शास्त्राने वाट ठेवलेली आहे. चुकणारी माणसं शास्त्राला ठाऊक असतात. मीच त्या वाटेने गेले नाही. मी कुंपणाशी गेले.

आताही तशीच उभी आहे, कपाळावर पदर ओढून.

"ठकू, विस्तव दे."

"तुमच्या घरात इस्तू न्हाई? सूर्य मावळला म्हणायचा की वो!"

"थट्टा नको. दे लवकर. आणि कुणाला..."

"न्हाई सांगत. आन घ्या."

फुटक्या मडक्याच्या खापरीत ती निखारे घालते. मी म्हणते, खाली ठेव. ती ठेवते, आणि आपली सावली पडू नये म्हणून दोन पावलं मागे सरते. मग मी उचलते. तिचा निखारा मला चालला, हात चालला नाही.

दिवेलागणीला ह्यांनी त्यातच आहुती दिली. "आज ज्वाळा छान उठली," म्हणाले. मी मान खाली घालून समिधा पुढे केल्या. त्यानंतर अकरा वर्षं, रोज दोनदा.

"हळदीकुंकवाला तरी बोलवायचं एकदा," ठकू म्हणते. भाजीत मीठ कमी आहे, असं सांगावं तसं म्हणते.

मी म्हणते, "ठकू, उपास आहे गं. उभं राहवत नाही."

"बसा की मग. आपलाच आवा हाय."

आवा मुकुंदच्या फ्लॅटमधल्या ओट्यापाशी आहे, मडक्यांच्या ढिगावर पेंढा, पेंढ्यावर राख. सूनबाई त्याला वळसा घालून फ्रीज उघडते आणि जाते. ठकू उघड्या हाताने राख बाजूला करते. आत एक बाई बसली आहे, गुडघे पोटाशी घेऊन.

"ही कोण?"

"बाई. दुसरं कोण असतंय आगीत?"

"अग्निनारायण म्हणतात, ठकू. देव आहे तो."

"असंल. पर तुमच्या देवाला बायकोचं नाव घेतल्याबिगर घास गिळत न्हाई म्हणं. काय ते, शेवटाला वरडायचे मालक?"

"स्वाहा."

"बघा. म्हंजे चूल तिचीच."

नात एकदा म्हणाली होती, आजी, समुद्रातल्या एका बेटावर डोंगरातल्या आगीला बाई मानतात, मोकळ्या केसांची, भयंकर तापट. मला तेव्हा भीती वाटली होती. हिला पाहून वाटत नाही. हिचे केस राखेने भरलेत, डोळ्यांखाली काळं आलंय. आजारी मुलाच्या उशाशी जागणारी बाई पहाटे दिसते, तशी दिसते.

"मला कुणी निजू देत नाही," ती म्हणते. तूस धुमसताना होतो तेवढाच तिचा आवाज. "तू रोज फुंकत राहिलीस. त्या दिवशी तू निजलीस, म्हटलं आपणही जरा टेकावं."

मला रडू येतं, पण येऊन अर्ध्यातच थांबतं. रडायलाही जोर लागतो.

"मग हे पोचले का?" मी विचारते. वर्षभर देवापुढे बसून मी हेच विचारते आहे, दुसऱ्या शब्दांत. "मागून आणलेल्या अग्नीवर गेले ते. मंत्र सगळे नीट झाले, पण अग्नीच..."

बाईचे डोळे मिटत आलेत. ठकू बोलते.

"मालक व्हय? हितंच तर हायत. हात शेकत बसल्यात."

आव्याच्या पलीकडे उद्याच्या सभेच्या लाल खुर्च्या मांडलेल्या आहेत, रिकाम्या. पहिल्या रांगेत पाठमोरे हे. खांद्यावर उपरणं. तळवे पुढे धरलेले.

"रागावलेत का गं?"

"मला काय ठावं. आल्याबरोबर इचारलं, ठकू, ही आग कुणाच्या घरची? मी म्हटलं, वैनीस्नी इचारा. तवापासनं बसल्यात."

"अजून सांगितलं नाहीस?"

"आन दिलीया न्हवं तुमास्नी." ती माझ्याकडे पाहते. पहिल्यांदाच तिच्या तोंडावर थकवा दिसतो. "आमच्या म्हाताऱ्यालाबी सांगितलं न्हाई. पोरांस्नी न्हाई. मरताना घशाशी आलं हुतं, गिळलं. तुमी सोडवलंच न्हाई मला, वैनी."

मला ह्यांच्याकडे जायचं आहे. हाक मारायची आहे, पण नाव तर मी कधी घेतलेलं नाही. मी पाऊल टाकते, तशी ठकू माझं मनगट धरते. पुरी मूठ आवळून. मातीने खरबरीत झालेला, ऊनऊन हात. तीस-पस्तीस वर्षांच्या शेजारात हा हात मला आज लागतो आहे.

"आधी मला सोडवा," ती म्हणते. "मग जावा कुटं जायचं ते."

"आई." मुकुंद पलंगापाशी खुर्ची ओढतो आहे. हातात कागद आणि पेन. खिडकीत अजून ऊन आहे. "झोप लागली होती का? उद्याचे दोन शब्द तू सांग, मी लिहून घेतो. थोडंच बोल. अग्नी कसा सांभाळलास, एवढंच."

मी उठून बसते. माळ उशीखाली गेली आहे, ती शोधायला हात पुढे करते, आणि तसाच राहतो. मनगटावर काजळी आहे. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. पदराने पुसायला जाते, मग पुसत नाही.

"लिही," मी म्हणते. "अग्नी एकदा विझला होता. माझ्या हातून. तेव्हा ठकूबाई कुंभारणीने आपल्या आव्यातला विस्तव दिला. पुढे तुझ्या वडिलांनी अकरा वर्षं आहुत्या दिल्या त्या तिच्या अग्नीत. दहनही त्यानेच झालं."

पेन कागदावर टेकलेलं आहे, हलत नाही.

"आई, काय बोलतेस? परसामागची ठकू?"

मी हात त्याच्यापुढे धरते.