पित्त घेऊन धोंड्याच्या जेवणाला

पुणं सुटलं तेव्हा आमच्या ह्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. लग्नानंतरचा पहिलाच धोंडा (अधिक महिन्यात जावयाला सासुरवाडीला बोलावून पुरणाचे धोंडे नि अनारसे खाऊ घालतात, तो मान) आणि माझ्या आयेच्या हातचं जेवायचं, म्हणून स्वारीनं सकाळपासून कडकडीत उपास धरलेला.

"पित्ताच्या माणसानं पोट रिकामं ठेवू नये, डॉक्टरांनी चारदा सांगितलंय," मी म्हटलं.

"जागा नको का करायला?" हे म्हणाले. कप्पाळ माझं!

तळेगाव मागे पडलं, डोंगर जवळ आले, वारा गार लागू लागला. लोणावळ्याच्या फलाटावर ह्यांनी कडक चहा घेतला, वर गोटी सोडा. व्हायचं तेच झालं. बैलगाडी कुरवंड्याच्या वाटेला लागते न लागते तोच छातीत आग, घशाशी आंबट पाणी. चेहरा पांढराफटक. गाडीवान कोंडिबाभाऊंनी बैल थांबवले.

"लय जळतंय का मास्तर? आडवं व्हा जरा."

"आडवं नको, भाऊ. आडवं झालं की आणखी वर येतं," मी म्हटलं नि ह्यांना टेकवून बसवलं. दिवाळीत आयेकडे पोटाला तडस लागेतो जेवले, रात्र बसून काढली, पुढे आठवडाभर आवाज बसला. असंच चाललं तर अन्ननलिकेला जखम होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि मास्तरकी चालते गळ्यावर.

"आज आयेला नको म्हणा ना," मी विनवलं.

हे म्हणाले, "मी पाळण्यात असताना आई गेली. 'अजून एक घ्या' म्हणणारं मला जगात एकच माणूस आहे. त्यांना नको कसं म्हणू?"

वाटेत काळ्याभोर करवंदांच्या जाळ्या लागल्या, पण मी काही उतरले नाही.

घरी पोचताच चुलीपाशी बसून आयेला सगळं सांगितलं, दिवाळीचंही. कढईतला अनारसा करपला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"म्या खाऊ घातलं नि त्येंनी रात बसून काढली? आन् मला कुणी बोललं न्हाई?" तिनं डोळ्यांना पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवस मावळायच्या आत तिनं पान मांडलं. आंबेमोहराचा मऊ भात, मुगाचं वरण आणि मानाचा म्हणून एक लहानसा धोंडा. तिखटाचं नाव नाही. पान संपलं. हे मान वर करून वाट बघत राहिले. आये वाढायला आलीच नाही. हात धुताना ह्यांचा चेहरा मला बघवेना.

ओसरीवरच्या घोंगडीवर हे कलंडणार, तेवढ्यात आये पदर खोचून अंगणात उभी.

"जावईबापू, उठा. बांधापत्तुर जाऊन येऊ."

आमच्याकडे सासू जावयाशी चार शब्द बोलते तेही दाराआडून. ही गावादेखत त्याच्याबरोबर चालत निघाली. दोघं बांधापर्यंत गेली, परत आली. हे टेकणार, तोच आये म्हणाली, "आजून येक."

"पुरे, आई."

"पुरं कसं? येक माझ्या नावाची."

हे हसले. पोटभर जेवलेल्या माणसासारखे हसले, आणि पुन्हा चालू लागले.

पुण्याला परतलो त्याला आता बरेच दिवस झाले. पित्त समूळ गेलेलं नाही. चहा जास्त झाला की डोकं काढतंच. पण रोज संध्याकाळी लवकर जेवून हे अंगणात फेऱ्या घालतात. दमलात, पुरे आता, असं मी म्हणते.

"थांब गं," हे म्हणतात, "आईंच्या नावाची राहिलीय."