फक्त ऐकण्यासाठी

बापटकाकांकडे गाणं एकदम सुरू होत नसे. आधी ते चष्मा लावून तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तानपुरे कुणी धरलेत, हे मोठ्याने वाचायचे. तोवर माझा जीव कासावीस व्हायचा. नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनच्या एका कंपनीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेला हा माणूस आमच्या घरापासून तीन गल्ल्या पुढे एकटाच राहायचा.

"ते गाण्यांचं ॲप मी बंद केलं," ते सांगायचे. "अरे, तबलजीचं नावसुद्धा नाही तिथे. पंगतीत जेवून उठायचं आणि वाढलं कोणी ते विचारायचं नाही?" मग ते गायकांना स्वतः मेल करून रेकॉर्डिंग विकत घ्यायचे आणि प्रत्येक फाइलवर सगळी नावं टाइप करायचे. कॉपी मात्र कुणालाही देत नसत. "ऐकायला ये की. सायकल काढलीस तर पाच मिनिटं." मला तो शुद्ध चिक्कूपणा वाटायचा.

लॉकडाउनमध्ये घरी मोजक्याच पाहुण्यांना परवानगी होती, तेव्हा काकांचा पाहुणा मी असायचो. एका रविवारी त्यांनी मला डिस्कचा बॅकअप घ्यायला बोलावलं. "तू आयटीवाला. तुझ्यावर सोडतो," म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. एक कॉपी मी त्यांच्या नव्या डिस्कवर घेतली. बैठकांचा एक फोल्डर गुपचूप माझ्या पेनड्राइव्हवर घेतला. त्या दिवाळीत कुणी कुणाला भेटणार नव्हतं, म्हणून तो इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, 'माझ्यातर्फे फराळ'. अंगठ्यांचा पाऊस पडला. मला फार छान वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्यात कोल्हापूरच्या एका गायिकेची घरगुती बैठक होती. बाईंनी ती कधीच बाहेर काढली नव्हती, काकांना तेवढी विश्वासाने दिली होती. काकांनी सवयीप्रमाणे फाइलवर लिहिलं होतं, 'बाईंच्या परवानगीने, फक्त ऐकण्यासाठी. बापट.' महिन्याभरात ती फाइल फिरत फिरत कोल्हापूरला पोचली.

बाईंचा फोन आला तेव्हा मी समोरच होतो, खिडकी उघडी ठेवून, अंतर राखून बसलेला. फोन स्पीकरवर होता.

"बापट, तुम्हीसुद्धा?" एवढंच त्या म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या डिस्कला दुसऱ्या कुणाचा हात लागलाच नव्हता.

"हो बाई. माझ्याकडूनच गेलं. चुकलो," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं नाही. मास्क तेवढा नाकावर नीट ओढून घेतला. बाईंनी फोन ठेवला, तरी काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. "चहा घेणार ना?" म्हणाले. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि मी निर्लज्जासारखा तो चहा प्यायलो.

पुढच्या हिवाळ्यात करोनानेच ते गेले. अंत्यविधी मी लॅपटॉपवर पाहिला. त्यानंतर मीही ॲप सोडलं. आता विकत घेऊनच ऐकतो, आणि मित्र माझ्या तत्त्वांचं कौतुक करतात.

मध्यंतरी बाईंचं नवं रेकॉर्डिंग निघाल्याचं कळलं, म्हणून त्यांना मेल पाठवली. दोन ओळींचं उत्तर आलं : 'क्षमस्व. तिकडे आता मी काही पाठवत नाही. तिथल्या एका गृहस्थांनी माझा विश्वासघात केला होता.'

मी लिहिलं, 'समजू शकतो.'